फ्लाय फिशिंग : मित्राची हौस जिरवण्याची खात्रीशीर रीत

एखाद्या मित्राला अचानक फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसं-दोऱ्यांच्या किड्यासारख्या हलक्या गळाने (फ्लायने) मासे पकडणं, शिकावंसं वाटलं, तर घाबरून जाऊ नका. एका सकाळीत उतार पडतो. लागतं काय, तर एक लहानसं तळं आणि तुमच्यासारखा जाणकार. परवाच तळ्याकाठी एका उस्तादांना हा उपचार करताना पाहिलं. तासाभरात त्यांचा नवशिका मित्र दगडावर बसून मोबाइल चाळत होता आणि उस्ताद एकटेच मासे पकडत होते. एवढी गुणकारी रीत एका माणसापाशी राहू नये, म्हणून इथे देतो आहे.

सुरुवात सामानापासून. लहान तळ्यावर नवशिक्याला साडेआठ-नऊ फुटी पाच नंबरचा रॉड, त्याच नंबरची तरंगती लाइन (नंबर मोठा तितकी लाइन जड आणि रॉड ताठ) आणि साडेसात फुटांचा लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाचा निमुळता दोरा, पुरतो. म्हणून हे काहीही देऊ नका. अडगळीतला आठ नंबरचा रॉड काढा आणि त्यावर चार नंबरची लाइन चढवा. फ्लायला वजन नसतंच. फेकायची असते ती लाइन, आणि तिच्याच वजनाने रॉड वाकून जोर साठवतो. हलक्या लाइनने ताठ रॉड वाकतच नाही. मित्राला वाटेल आपल्या हातात दम नाही. वाटू द्या.

टिपेटचंही, म्हणजे फ्लाय बांधायच्या, लीडरच्या शेवटच्या बारीक तुकड्याचंही, तसंच. फ्लायच्या नंबराला तीनने भागलं की टिपेटचा एक्स नंबर (जितका मोठा तितका टिपेट बारीक) साधारण निघतो, म्हणजे बारा नंबरच्या फ्लायला 4एक्स. तुम्ही आठ नंबरच्या पॉपरला, म्हणजे तरंगणाऱ्या जाडजूड फ्लायला, 7एक्स बांधा. पॉपर हवा अडवतो, बारीक टिपेट त्याला उलगडून पुढे नेऊ शकत नाही, आणि सगळं गिरक्या घेत मित्राच्या टोपीवर उतरतं.

लाइन रॉडवरच्या कड्यांतून ओवताना लीडरचं टोक चिमटीत धरायला सांगा. शेवटच्या कड्यापाशी बोट निसटलं की सगळी लाइन सळसळत परत रीलपाशी येते. जाड लाइनच दुमडून ओवली तर निसटली तरी ती कड्यात अडकून राहते. ही माहिती गुप्त ठेवा.

गाठ तुम्हीच बांधा, पाठ फिरवून.

काठावर जाताना दणदण पावलं टाका आणि अगदी पाण्याशी ताठ उभे राहा. पाण्याखालून माशाला वरचं जग साधारण 97 अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं. तिच्या कडेशी, पाण्यालगत जे असतं ते चेपून बारीक होतं, त्यामुळे दोन पावलं मागे गुडघ्यावर बसलेला माणूस बराचसा सुटतो. काठावर उभा असलेला सुटत नाही. तळ्यात मासेच नाहीत, असं मित्राला पटवायला एवढं पुरे.

आता मुख्य भाग, कास्टिंग, म्हणजे लाइन फेकणं. तळ्यातले मासे असतात कुठे? काठालगतच्या वनस्पतींच्या कडेला, पाण्यात पडलेल्या फांदीखाली, पाणी एकदम खोल होतं तिथे. म्हणजे वीस-पंचवीस फुटांत. तेव्हा मित्राला समोरचा काठ दाखवा आणि म्हणा, ‘तिथे टाक.’ लाइन जितकी लांब, तितका मागे उलगडायला वेळ जास्त. ती पुरती उलगडण्याआधीच तो हात पुढे आणणार, चाबकासारखा फाट्कन आवाज होणार आणि टिपेटवरची फ्लाय गायब. किंवा रॉड मागे फार खाली जाणार, फ्लाय दगडावर आपटणार, गळाचं टोक मोडणार, आणि तो तास-दीड तास टोक नसलेल्या गळाने इमानेइतबारे मासे पकडत राहणार. तपासायला सांगू नका. मागे झाडी असेल तर फारच उत्तम. रोल कास्ट नावाची गोष्ट आहे, त्यात लाइन मागे हवेत न्यावी लागत नाही, नवशिक्याला लवकर जमते. पण ती शिकवली तर तो मासे पकडायला लागेल.

सूचना मात्र अखंड द्या. ‘मनगट मोडू नको! कोपर खाली! थांब! अरे, एवढं नाही थांबायचं! दहा ते दोन, दहा ते दोन!’ रॉड पुढे दहाच्या काट्यावर आणि मागे दोनच्या काट्यावर थांबवायचा, एवढाच याचा अर्थ, तो सांगण्याची गरज नाही. एका वेळी एकच सूचना दिली, तर माणूस ती ऐकतो, हा धोका आहे. पाचवी सूचना देऊन झाली की ‘दे इकडे’ म्हणत रॉड हातातून घ्या. हे दोन शब्द महत्त्वाचे. मग साठ फूट लाइन काढा, सहा-सात फॉल्स कास्ट करा (लाइन पाण्यावर न टेकवता हवेतच पुढे-मागे न्या), मित्राकडे एकदा बघून घ्या आणि ज्या फांदीखाली तो मघापासून फ्लाय टाकायला धडपडत होता, नेमकी तिथेच टाका. मासा लागेलच. तो काढा, फोटो काढायला मित्राच्या हातात मोबाइल द्या. म्हणा, ‘बघ, सोपं आहे.’ त्या माशावर हक्क कोणाचा होता, हे विचारायला तो थोडाच जातो? तो पाहुणा! सकाळी सहाला उठून आलेला, तुमच्या भरवशावर आलेला माणूस, आणि तुम्ही त्याच्यासमोर आपलं कसब मिरवताय. कोणासाठी? बेडकांसाठी?

असो. उपरोध सांभाळायला हवा.

पॉपर पाण्यात पडला की लगेच खेचायला सांगा. वलयं विरेपर्यंत थांबलं तर मासा येतो. रॉडचं टोक वर धरायला सांगा, म्हणजे लाइन सैल लोंबते. मासा पॉपर तोंडात घेऊन, चाखून, थुंकून जातो आणि मित्र अजून सैल लाइन गोळा करतोय.

गॉगल? छे, फोटोत डोळे दिसले पाहिजेत.

त्याच्या उजव्या खांद्यामागे उभे राहा आणि वारा उजवीकडून येईल अशी जागा निवडा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकू नका. दाबलेला गळ कानातूनही सहज निघतो, मग आठवण काय राहणार?

आता गुंत्याचं. पुढच्या कास्टला एकदम झटका बसला की रॉडचं टोक खाली जातं, लाइनचा वरचा पदर खालच्याला छेदतो आणि लीडरमध्ये बारीकशी गाठ बसते. लोक वाऱ्याला दोष देतात. त्या गाठीने टिपेटची ताकद निम्म्यापर्यंत उतरते, म्हणून गाठ दिसताच तेवढा तुकडा कापून नवा बांधावा, इथवर उस्तादांचं बरोबर होतं. आणि कापलेला तुकडा? गवतात. दुसरा? गवतात. गुंता होऊन गेलेला अख्खा लीडरही तिथेच, पाणवनस्पतींत.

हे मात्र उपरोधाने सांगता येत नाही. अहो, नायलॉन कुजत नाही. पाणकोंबडीच्या पायाला एकदा वेढा बसला की ती चालेल तसा तो आवळत जातो, पाय सुजतो, झडतो. दोन फुटांचा तुकडा बोटांवर गुंडाळून खिशात टाकायला पाच सेकंद लागतात. ते जमत नसेल तर तुम्हाला फ्लाय फिशिंग येत नाही, साठ फूट लाइन टाकता येत असली तरी.

आणि मित्राला शिकवायचं नसेल तर नेऊ नका. नेत असाल तर आदल्या दिवशी मोकळ्या गवतावर, फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, त्याला अर्धा तास कास्ट करू द्या. मान वळवून मागची लाइन बघायला सांगा, पुढचं आपोआप जमतं. उलटे काटे दाबा. दोघांनी गॉगल लावा. तळ्यावर पंचवीस फुटांपलीकडे टाकू देऊ नका. तो उजव्या हाताने टाकत असेल तर त्याच्या डाव्या बाजूला उभे राहा, आणि तोंड बंद ठेवा. मासा लागला तर हात भिजवून, पाण्याबाहेर न काढता, त्याचा त्याला सोडू द्या. फोटो तुम्ही काढा, त्याचा.

स्वतःचा रॉड त्या दिवशी घरी ठेवा.