बहात्तर नंबर आणि बाबांचा पंचा

आज डोकं फिरलंय, आधीच सांगते. ज्यांना पोरांच्या खेळाच्या पोस्टी नकोत त्यांनी इथूनच कल्टी मारा.

शाळेच्या फुटबॉल टीमच्या पालकांची मीटिंग होती. (आपला फुटबॉल नव्हे, इकडचा अमेरिकेतला, हेल्मेटवाला.) तिथे जाहीर झालं की यंदा नववीची मुलं वेगळ्या मैदानावर सराव करणार, पार्किंगच्या पलीकडे. लहानांना म्हणे त्यांच्या त्यांच्या वेगाने शिकू द्यायचं. वर एक बाबा म्हणाले, बारावीची पोरं नोव्हेंबरनंतर जाणारच आहेत, त्यांच्यात कशाला अडकून पडायचं? बऱ्याच माना डोलल्या. मी गप्प बसले. गाडीत बसल्यावर निर्णयापेक्षा स्वतःच्या गप्प बसण्याचाच जास्त राग आला, म्हणून हे इथे ओततेय.

आमचा लेक लाइनमध्ये खेळतो. लाइन म्हणजे क्वार्टरबॅकच्या (बॉल फेकणाऱ्याच्या) पुढे त्याला वाचवायला उभी असलेली पाच आडदांड पोरं. मधला सेंटर बॉल मागे देतो, तो सोडला तर बॉलला त्यांचा हात लागत नाही, टाळ्या दुसऱ्यालाच मिळतात आणि माइकवर नाव येतं ते चूक झाली की. वरणभात-तुपावर पोसलेल्या आमच्या ध्यानासाठी याहून योग्य जागा नव्हती. मला मात्र दोन वर्षं हा खेळ म्हणजे नुसती ढकलाढकली वाटायची.

मग गेल्या वर्षी बहात्तर नंबर आमच्या दारात आला.

लेक तेव्हा दहावीत. एक मुलगा जखमी झाला म्हणून याला अचानक राइट गार्डला, म्हणजे सेंटरच्या उजव्या हाताला, उभं केलं. त्याच्या उजव्या हाताला, लाइनच्या टोकाला, राइट टॅकल, बारावीतला, जर्सी नंबर ७२. पहिल्याच मॅचमध्ये आमच्या चिरंजीवांच्या बाजूने समोरचा दोनदा सुळकन आत घुसला आणि दोन्ही वेळा क्वार्टरबॅक भुईसपाट. येताना गाडीत चिडीचूप. दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळी नऊला बेल वाजली. बहात्तर दारात उभा, बोटांना कालच्या चिकटपट्ट्या तशाच. टॉवेल मिळेल का विचारलं. हाताशी होता तो दिला, बाबा गावाहून आले तेव्हा विसरून गेलेला पंचा.

ड्राइव्हवेत कचऱ्याचा डबा उभा केला, तो प्रतिस्पर्धी. दोघे कमरेला कमर लावून वाकले आणि मध्ये पंचा धरला. दोन पावलं बरोबर टाकायची, डबा ढकलायचा, पंचा पडता कामा नये. पडला की पुन्हा पहिल्यापासून. कारण मॅचमध्ये दोघांनी मिळून एकाला रेटायचं असतं आणि मग दोघांतल्या एकाने सटकून मागच्याला गाठायचं असतं. कोणी सटकायचं हे समोरचा कुठे कलतो त्यावर ठरतं. बोलायला वेळ नसतो, बघायलाही नसतो. शेजाऱ्याच्या कमरेवरून कळावं लागतं. मी कांदा चिरत खिडकीतून मोजत होते. एकतिसाव्या खेपेला पंचा टिकला.

आता मला सांगा, हे कुठला कोच शिकवेल? कोच शिट्टी घेऊन वीस फुटांवर उभा. आमच्या कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद एकच असतो, पण रोज अंगावर घेतो तो थोरला पैलवान. पोरगं तयार होतं ते त्याच्याशी लढत धरून. हे मी कोल्हापूरकरांना समजावत बसणार नाही.

आणि शाळेचं सोडा, एनएफएलमधल्या (इकडच्या व्यावसायिक लीगमधल्या) आमच्या फिलाडेल्फिया ईगल्सचंच बघा. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तो) शेवटच्या फेरीत, २३३ व्या नंबरवर त्यांनी जॉर्डन मायलाटाला घेतलं. ऑस्ट्रेलियाचा रग्बी खेळणारा सहा फूट आठ इंचांचा पोरगा, अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच न खेळलेला! पहिले दोन सीझन एकाही मॅचमध्ये उतरला नाही, वर पाठीचं दुखणं. पण बसायला-उठायला कोण होते? जेसन पीटर्स, जो स्वतः कॉलेजात टाइट एंड (पास झेलणाराही) होता आणि एनएफएलमध्ये येऊन टॅकल झाला. लेन जॉन्सन, जो एके काळी क्वार्टरबॅक होता. म्हणजे जागा बदलून नव्याने शिकणं काय असतं हे स्वतः भोगलेली माणसं. मायलाटाला २०२० मध्ये संधी मिळाली आणि मग लेफ्ट टॅकलची जागा त्याने सोडलीच नाही.

हो, ईगल्सच्या लाइनचा तेव्हाचा कोच जेफ स्टाउटलंड, त्याचं श्रेय मोठं आहे. मान्य. पुढे.

खेळाडू आणि टीम-मालकांच्या २०११ च्या करारानंतर एनएफएलमध्ये पूर्ण पॅड घालून सराव रेग्युलर सीझनभरात जेमतेम १४ वेळा करता येतो. मेंदूला मार बसतो म्हणून. ठीकच आहे, मीही आई आहे. पण लाइनवाल्याचं निम्मं शिक्षण अंगाला अंग भिडल्यावरच होतं. भिडणंच कमी झालं तर शेजारचा जाणता माणूस जास्त लागेल की कमी? आमच्या मीटिंगमध्ये उत्तर आलं, "पार्किंगच्या पलीकडे पाठवा."

आता कोणीतरी मायामीचं काढेलच, म्हणून मीच काढते. २०१३ मध्ये मायामी डॉल्फिन्सचा जोनाथन मार्टिन टीम सोडून निघून गेला होता. लाइनमधल्याच जुन्या सहकाऱ्यांनी छळलं होतं त्याला, पुढे चौकशीच्या अहवालातही तेच आलं. आहे, तीही बाजू आहे. मोठा मुलगा नासका निघाला तर लहान्याचं वाटोळं होतं. पण म्हणून नासक्याला बाहेर काढाल की सगळ्यांच्या मध्ये पार्किंग घालाल?

लिहिता लिहिता जरा निवळले. चहा घेऊन आले.

बहात्तर नंतर दर शनिवारी यायचा. पोहे त्याला आवडायचे, शेंगदाणे मात्र वेचून बाजूला ठेवायचा. कॉलेजात खेळायला त्याला कोणी बोलावणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. आणि तो गेल्यावर राइट टॅकलला आमचाच लेक जाणार, हेही माहीत होतं. स्वतःच्या जागेवर येणाऱ्याला तो कमरेला कमर लावून शिकवत होता.

म्हणून जेसन केल्सी माझा लाडका. २०२२ मध्ये ईगल्सनी दुसऱ्या फेरीत कॅम जर्गन्सला घेतलं. तो सेंटर, केल्सीही सेंटर, म्हणजे सरळसरळ वारसदार. २०२३ मध्ये तो केल्सीच्याच शेजारी राइट गार्डला खेळला. मार्च २०२४ मध्ये तेरा सीझननंतर केल्सी निवृत्त झाला, जर्गन्स मध्ये सरकला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला सुपर बोलमध्ये, म्हणजे फायनलमध्ये, कॅन्सस सिटीला ४०-२२ धुतलं. आमच्याकडे पावभाजी होती, निम्मे पाहुणे बॉल बघत होते. मी एकटी जर्गन्सची कमर बघत होते. हसा खुशाल.

सांगायचं राहिलंच. लेक आता अकरावीत, राइट टॅकल. जेवताना मी मीटिंगचं सगळं सांगितलं, जरा तावातच. त्याने ऐकलं, आणखी एक पोळी घेतली आणि विचारलं, उद्या अर्धा तास लवकर सोडशील का? नववीच्या मैदानाकडून.

"आणि आजोबांचा तो पंचा कुठे आहे?" त्यानेच विचारलं.

मशीनला लावलाय.