चंद्रपूर एक दिवस बंद ठेवलं तर मुंबई अंधारात जाईल का?

उन्हाळा लागला की आमच्या चंद्रपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. ‘राख आम्ही खायची, वीज मुंबईनं जाळायची. खास लाइन टाकून नेतात. आपलं वीज केंद्र फक्त एक दिवस बंद ठेवा, मुंबईचे दिवे विझतील, अख्खा महाराष्ट्र ठप्प होईल. मग कळेल विदर्भाची किंमत!’

राखेचं खरं आहे. वाळत घातलेले कपडे मीही झटकूनच आत आणतो. पुढचं मात्र तपासून बघू.

‘मुंबईचे दिवे विझतील.’ आपलं वीज केंद्र महानिर्मितीचं, म्हणजे राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीचं, आणि महानिर्मिती वीज विकते महावितरणला. मुंबई शहरात वीज देते बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा. महावितरणकडे भांडुप-मुलुंडचा पट्टा तेवढा. शिवाय ट्रॉम्बे, डहाणूची औष्णिक केंद्रं आणि टाटांची घाटातली जलविद्युत केंद्रं मुंबईच्या मदतीला आहेतच. करार कागदावर असतो, तारेत वीज एकच असते, हे मान्य. पण चंद्रपूर बंद पडल्यावर महावितरण जी महाग वीज बाहेरून घेईल, तिचा भार महावितरणच्या ग्राहकांवर येईल. म्हणजे तुमच्या-माझ्या बिलावर. कुलाब्याच्या नाही.

‘खास लाइन.’ आहे ना. चंद्रपूर ते पडघा, ७५२ किलोमीटर, ५०० केव्ही डीसी, १५०० मेगावॉट, १९९९ पासून. पण ती केंद्राच्या चिमणीला जोडलेली नाही, ग्रिडला, म्हणजे देशभरच्या केंद्रांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याला, जोडलेली आहे. केंद्र थंड असलं तरी तिच्यातून छत्तीसगडकडची वीज पश्चिमेला जाऊ शकते. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई खरंच अंधारात गेली, तेव्हा राज्यात विजेचा दुष्काळ नव्हता. पडघा-कळवा आणि पुणे-खारघर या ४०० केव्हीच्या लाइन हातच्या गेल्या होत्या. वीज होती, शहरात शिरायला वाट नव्हती.

‘अख्खा महाराष्ट्र ठप्प.’ चंद्रपूरच्या केंद्रात आज वीज तयार करणारे सात संच आहेत: २१० मेगावॉटचे दोन, ५०० चे पाच. एकूण २९२०. राज्याची कमाल मागणी तीस हजार मेगावॉटच्या आसपास जाते, म्हणजे हे साधारण दहावा हिस्सा, तोही सातही संच पूर्ण भारावर असतील तर. तसे दिवस कमीच. बॉयलरमधली एखादी नळी गळू लागली की संच उतरवावा लागतो, बॉयलर निवेपर्यंत वेल्डर आत जाऊ शकत नाही, आणि दोनेक दिवस सहज जातात. अचानक ५०० मेगावॉट गळाले तर देशभराच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून काही शतांशानं खाली येते. बाकीची केंद्रं भार उचलतात. दादरच्या पंख्याला पत्ताही लागत नाही. आणि ‘एक दिवस’ कशाला? २०१० च्या उन्हाळ्यात केंद्राला पाणी देणारं इरई धरण आटलं तेव्हा इथले संच बंद ठेवावे लागले होते. २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचं अख्खं केंद्र बंद झालं. महाराष्ट्र चालूच राहिला.

याच्या उलट टोकाचाही मेसेज येतो: ‘आता सोलर आलंय, कोळसा मोडीत काढा.’ त्यांनी संध्याकाळी सातचं, सूर्य मावळल्यावरचं चित्र बघावं. दुपारी सौर वीज भरात असते तेव्हा कोळशाच्या संचांना ‘बॅक डाउन’चा, म्हणजे निर्मिती कमी करण्याचा, निरोप येतो, पण ५०० चा संच सहसा पावणेतीनशेच्या खाली नेत नाहीत. तो विझवला तर पुन्हा पेटवून भारावर आणायला तास न् तास जातात. म्हणून तो धुमसत ठेवायचा आणि सूर्य कलला की चढवायचा. कोयनेचं जलविद्युत केंद्र काही मिनिटांत उठतं, पण त्याच्या पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. रोज हवं तेवढं पाणी सोडता येत नाही. चंद्रपूरची खरी गरज लागते ती या संध्याकाळच्या चार-पाच तासांत.

राहिली राख. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण. त्यात चंद्रपूरचे गुण ८३.८८, देशात चौथा क्रमांक. मुंबईचे दिवे विझवायला निघालेल्या त्या मेसेजमध्ये हा आकडा कुठेच नाही.