तलवारी दिसल्या की झालं का अस्सल?

आज डोकं फिरलंय. संध्याकाळी एका फिल्म क्लबात 'रोमिओ अँड ज्युलिएट'वर गप्पा होत्या. एक जाणकार गृहस्थ म्हणाले, झेफिरेल्लीचा 1968चा चित्रपट हाच अस्सल शेक्सपिअर. बाझ लुहरमनचा 1996चा म्हणजे नुसता थिल्लरपणा. सगळ्यांनी माना डोलावल्या!

का, तर पहिल्यात दगडी वाडे, मखमली अंगरखे, तलवारी. दुसऱ्यात हवाई शर्ट आणि पिस्तुलं. अहो, त्या पिस्तुलांवर 'स्वॉर्ड', म्हणजे तलवार, हे नाव कोरलंय, कारण तोंडातली भाषा शेक्सपिअरचीच ठेवलीय!

माझ्या आईला इंग्रजीचा गंध नाही. मेथी निवडत तिने हा लुहरमनचा चित्रपट माझ्यासोबत पाहिला. शेवटी मेणबत्त्यांच्या गर्दीत रोमिओ विष तोंडाला लावतो आणि नेमकी तेव्हाच ज्युलिएट डोळे उघडते. आई ओरडली, "अरे मेल्या, थांब! उठली ना ती!"

मूळ नाटकात तो मेल्यावर ती जागी होते, मान्य. पण 1748 मध्येच डेव्हिड गॅरिक या इंग्रज नटाने लंडनच्या रंगभूमीवर तिला त्याच्या मरणाआधी उठवलं होतं. मग ही आजकालची थेरं कशी? आणि तुमच्या अस्सल चित्रपटात रोमिओ विष विकत घेतो तो प्रसंगच कापलाय. ते चालतं, कपडे बरोबर आहेत ना! नाटककार गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचा मराठी 'झुंझारराव' केला, ते मात्र आपण कौतुकाने सांगतो.

झेफिरेल्लीच्या चित्रपटात रोमिओचा मित्र मर्क्युशिओ मरतो, त्या प्रसंगाला तोड नाही, हे खरंच. भर उन्हात मस्करीतून सुरू झालेली झुंज. त्याला वार लागलाय आणि मित्र हसतायत, त्यांना वाटतं सोंग करतोय. मला आजही ते हसू बघवत नाही. लुहरमनला हे साधलेलं नाही. पण ते अंगरख्यांमुळे नव्हे. झेफिरेल्लीने कोवळी पोरं घेतली आणि त्यांना पोरांसारखं वागू दिलं. त्या काळात तोही नवंच काहीतरी करत होता!

खरा राग पुढचाच. मी आईचा किस्सा सांगितला, तर ते गृहस्थ हसले. "त्या काय, सिरियल बघूनही रडतात." म्हणजे माझ्या आईचं ओरडणं हिशेबातच नाही? शेक्सपिअरच्या काळात एक पेनी देऊन, उभ्याने नाटक बघणाऱ्या लोकांतल्या कितीजणांना लिहिता-वाचता येत होतं? तो त्यांच्यासाठीही लिहीत होता की फक्त माइक धरून बसणाऱ्यांसाठी?