टाकी गळतेय, आणि म्हणे टाका मारा!

शनिवारी रात्री दाजींचा फोटो आला. त्यांच्या स्प्रे पेंटिंगच्या शेडमधला जुना कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणारं यंत्र, त्याच्या टाकीचा खालून काढलेला फोटो. पाणी सोडायच्या ड्रेन कॉकशेजारी रंग फुगलेला आणि मधोमध मोहरीएवढा ओला, तपकिरी ठिपका. खाली लिहिलेलं, ‘उद्या वेल्डर येतोय.’ पाठोपाठ आला तो फॉरवर्ड, ज्याच्या भरवशावर वेल्डरला बोलावलं होतं. ‘जुना कॉम्प्रेसर कधीच भंगारात देऊ नका’ असं त्याचं शीर्षक. आत पाच मुद्दे, शेवटी हात जोडलेले. तो आणखी बऱ्याच जणांकडे पोचला असणार, म्हणून हे लिहितोय.

‘टाकीला भोक पडलं तर वेल्डिंगचा टाका मारा, टाकी पुन्हा नव्यासारखी.’

हे लिहिणाऱ्याने टाकी आतून कधी पाहिलेली नाही. दाबलेली हवा गरम असते, टाकीत आली की निवते आणि तिच्यातलं पाणी तळाला साचतं. पत्रा आतून गंजतो, आणि तोही एका जागी नाही, जिथवर पाणी उभं राहतं तिथवर. बाहेर दिसणारं भोक म्हणजे त्या पातळ पट्ट्यातली सगळ्यात पातळ जागा. शेजारचा पत्रा किती उरलाय हे वेल्डरला दिसत नाही, तुम्हालाही नाही. तो टाका मारतो त्याच कुजक्या पत्र्यावर, वर उष्णतेने त्याला आणखी ताण देतो. ठिपका बंद होतो आणि टाकी दुरुस्त झाली असं वाटतं.

आता हिशोब. टाकीच्या टोकाचं झाकण ४० सेंटिमीटर व्यासाचं धरा. आठ किलो प्रेशरला, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला आठ किलो, त्या एका झाकणावर आतून सुमारे १० टनांचा रेटा असतो. २०० लिटरच्या भरलेल्या टाकीत साधारण दोन लाख ज्यूल ऊर्जा कोंडलेली असते. हजार किलोची मोटार ताशी ७२ किलोमीटरने धावताना तिच्यात असते तेवढी. पाण्याची टाकी फाटली तर जमीन ओली होते, ही फाटली तर पत्र्याचे तुकडे उडतात. दाजी त्या टाकीपासून चार हातांवर उभे राहून दिवसभर गन चालवतात.

एम-सील, रबर आणि क्लॅम्प वगैरे उपायांबद्दल मी बोलतच नाही.

‘सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा उडत असेल तर स्क्रू आवळा किंवा बूच मारा.’

हा मुद्दा वाचून मी फोन बाजूला ठेवला. दाब फार वाढला की हवा सोडून टाकी वाचवणं हे या व्हॉल्व्हचं काम. तो सारखा उडतो कारण प्रेशर स्विच वेळेवर मोटर बंद करत नाही, किंवा व्हॉल्व्हच खराब झालाय. दोन्ही बदलायच्या वस्तू आहेत, आवळायच्या नाहीत. अमेरिकेत कामगार सुरक्षेचं काम ‘ओशा’ बघते. तिचा १९१०.१६९ क्रमांकाचा नियम हवेच्या टाक्यांसाठीच आहे. टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कुठल्याही प्रकारचा कॉक असता कामा नये, असं त्यात स्पष्ट आहे. तिथे मध्ये साधा कॉक चालत नाही, आणि हे महाशय बूच मारायला सांगतात. टाकीच्या सर्वांत खालच्या जागी ड्रेन हवा आणि टाकी वरचेवर रिकामी करायला हवी, हेही त्याच नियमात आहे. दाजींना विचारलं, शेवटचं पाणी कधी काढलं? उत्तर आलं नाही.

‘कुठलंही इंजिन ऑइल चालतं.’

चालतं, काही दिवस. त्यातल्या डिटर्जंटमुळे पाणी तेलात मिसळून राहतं आणि गरम व्हॉल्व्ह प्लेटवर, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या पट्टीवर, कार्बन धरतो. कॉम्प्रेसर ऑइल वेगळं बनवतात ते उगाच नाही.

‘खर्च नव्याच्या निम्म्याच्या आत असेल तर डोळे झाकून दुरुस्ती.’

यात तथ्य आहे, मान्य. पण डोळे उघडे ठेवून. टाकीचा आउटलेट बंद करा, टाकी पूर्ण रिकामी करा आणि कट-ऑफपर्यंत, म्हणजे मोटर आपोआप बंद होते त्या दाबापर्यंत, भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. २०० लिटरची टाकी आठ किलोपर्यंत भरायला साधारण १६०० लिटर मोकळी हवा लागते. मशीनच्या पाटीवर मिनिटाला २०० लिटर डिलिव्हरी असेल तर आठ मिनिटं पुरायला हवीत. दाजींनी मागच्या महिन्यात मोजलं होतं, तेरा लागली. मोटर बंद केल्यावर दाबाचा काटा उतरत नसेल, म्हणजे हवा गळत नसेल, तर बहुतेक दोष पिस्टनच्या रिंगांत किंवा व्हॉल्व्ह प्लेटमध्ये, आणि तो खर्च जरूर करा. तेरा मिनिटं मोटर फिरवण्याचं बिल मात्र निम्म्याच्या हिशोबात कुणी धरत नाही.

‘जुन्या लोखंडाची सर नव्याला नाही.’

हेडपुरतं, म्हणजे हवा दाबणाऱ्या वरच्या भागापुरतं, ठीक. जुनी बिडाची हेडं खरंच दणकट असतात. दाजींचंही आहे. म्हणून मी त्यांना सगळा कॉम्प्रेसर टाका असं म्हटलंच नाही. हेडला नव्या रिंगा आणि व्हॉल्व्ह प्लेट, मोटर आहे ती, आणि खाली तेवढ्याच दाबाची, हायड्रो टेस्ट झालेली, म्हणजे पाणी भरून दाबाला तपासलेली, नवी टाकी.

दाजींचा उलट प्रश्न, ‘मग जुनी टाकी भंगारवाल्याला देऊ ना?’ द्या, पण आधी हवा पूर्ण सोडा, काटा शून्यावर आलाय ते बघा आणि ड्रिलने तिला तीन-चार मोठी भोकं पाडा. नाहीतर कुणीतरी टाका मारून, रंग देऊन ती पुन्हा विकेल.