विश्रांतीत काठावर नापास

सुट्टीच्या दिवशी आराम करण्यात मी नापास झालोय. हे मी म्हणत नाही, आमच्या ऑफिसचा अधिकृत निकाल म्हणतो. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत विश्रांतीचा फॉर्म भरायचा, त्यातल्या प्रत्येक विधानापुढे एक ते पाच गुणांची खूण करायची आणि सोमवारी एचआरचा पोरगा गुण घेऊन टेबलापाशी हजर.

"सर, तुमची अलिप्तता दीड आली," कुणीतरी गेल्याचं कळवावं तशा आवाजात तो म्हणाला. "पाचपैकी."

"म्हणजे?"

"म्हणजे सुट्टीत तुम्हाला काम आठवतं."

"शनिवारी मेसेज, रविवारी सकाळी मेसेज, दुपारी फोन. 'फॉर्म भरला का?' कोणाचा होता फोन?"

"तो रिमाइंडर होता, सर. काम नव्हतं."

"मी झोपलो होतो."

त्याने स्क्रीन वरखाली करून पाहिली. "झोपेचं वेगळं विधान नाही आपल्याकडे. निवांतपणात धरता येईल. पण नवं शिकण्यात शून्य आहे... सॉरी, एक. शून्य देता येत नाही."

"सुट्टीच्या दिवशी काय शिकू?"

"काहीही चालतं. अकाउंट्समधले दोघं-तिघं एक्सेल शिकतात."

हा फॉर्म ज्या प्रश्नावलीवरून घेतलाय, त्या मूळ प्रश्नावलीला बोल लावायचा नाही. सबिने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती २००७ मध्ये मांडली तेव्हा त्यात १६ साधी विधानं होती : मन कामातून सुटतं का, निवांत वाटतं का, काही नवं जमवून पाहता का, आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असतो का. शहाणे प्रश्न आहेत. फक्त 'माझा वेळ मी ठरवतो' या विधानापुढे सहाच्या ठोक्याच्या धाकाने खूण करायची वेळ येईल, हे त्या बिचाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसणार.

याच झोनेनटागबाईंनी २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. कामाचा ताण जितका जास्त, तितकी माणसाला विश्रांतीची गरज जास्त, आणि नेमकी तेव्हाच ती त्याच्याकडून नीट घेतली जात नाही. म्हणजे माझे दीड गुण खरं तर माझ्या कामाचे आहेत. पण कामाला कोण बोलावून घेणार? त्याला टेबल नाही, खुर्ची नाही, वार्षिक मूल्यमापन नाही. मी सापडतो. मला सुधारणा आराखडा मिळतो.

हे सगळं मी त्या पोराला ऐकवलं. वर १९९७ चा वेस्टमन आणि ईडन यांचा अभ्यासही फेकला, की कामाचा उबग सुट्टीत उतरतो, पण परतल्यावर तीन आठवड्यांत पुन्हा होता तिथे येतो.

"बघा ना!" तो खूश झाला. "म्हणूनच आपण दर आठवड्याला मोजतो."

यावर काय बोलणार? त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. रविवारभर सगळ्यांना फोन करायचे, सहानंतर न भरणाऱ्यांची यादी करायची, रात्री तक्ते रंगवायचे. राग आणावा तर त्याच्यावर आणवेना, आणि ज्यांच्यावर आणावा ते असले फॉर्म भरत नाहीत.

"बरं, पुढच्या वेळी सगळीकडे पाच देतो," मी म्हटलं.

तो दचकला. मागे वळून पाहिलं, खुर्ची ओढून जवळ सरकला.

"पाच देऊ नका, सर. साडेचारच्या वर गेलात की नाव 'उपलब्ध क्षमते'त जातं. नवीन प्रोजेक्टला माणसं त्यातूनच उचलतात."

"आणि दोनच्या खाली?"

"कार्यशाळा. शनिवारी."

"मग करायचं काय?"

"साडेतीन. साडेतीनवाल्याला कोणी काही विचारत नाही. मी स्वतः साडेतीनच भरतो."

परवा मोठ्या मीटिंगमध्ये आमच्या विभागाचा आलेख पडद्यावर आला. सगळे साडेतीन. इतकी स्थिर विश्रांती दुसऱ्या कुठल्याच विभागात नाही म्हणून साहेबांनी टाळ्या वाजवायला लावल्या, आणि हे कसं जमवलं त्यावर येत्या रविवारपर्यंत दोन पानी टिपण मागितलंय.