'एचजी' म्हणजे हर-गौरी नव्हे, आणि पारा गॅसवर ठेवायचा नसतो

'पाश्चात्यांनी चोरलेली आपली रसविद्या' असा एक लांबलचक संदेश सध्या फिरतोय. रसविद्या म्हणजे पारा आणि धातूंवरचं आपलं जुनं शास्त्र. रासायनिक चिन्हं मुळात संस्कृत आहेत, रसविद्येचा जुना आचार्य नागार्जुन याने पाऱ्याचं सोनं केलं होतं, युरोपातले किमयागार नुसते भोंदू होते, असं सगळं त्यात आहे. शेवटी कृती दिली आहे: पारा लिंबाच्या रसात घोटून मंद आचेवर तापवा, गोळी बांधा, ती दुधात उकळून दूध प्या. काल मावशीचा फोन आला, "जुन्या थर्मामीटरमधला पारा चालेल का गं?" तेव्हा मात्र गप्प बसवेना.

आधी ती कृती. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, पण त्याची वाफ व्हायला तो उकळावा लागत नाही. घरातल्या साध्या हवेतही तो उडत असतो. आचेवर ठेवला तर कितीतरी जास्त. त्या वाफेला रंग नाही, वास नाही. श्वासातून गेलेल्या वाफेतला सुमारे ८० टक्के पारा फुप्फुसांतून रक्तात उतरतो आणि मेंदूपर्यंत, मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. हात थरथरतात, झोप उडते, विसरायला होतं. एकदम जास्त वाफ गेली तर फुप्फुसंच सुजतात. स्वयंपाकघरात, पोरंबाळं आसपास असताना हे करायला सांगणं गुन्हा आहे. थर्मामीटर चुकून फुटलाच तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, झाडू फिरवू नका. जाड कागदाने थेंब गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा.

"पण ग्रंथांत आहे ना!" ग्रंथांत पाऱ्यावरचे अठरा संस्कार, म्हणजे शुद्धीच्या वगैरे प्रक्रिया, आहेत, वेगवेगळी यंत्रं आहेत, रसशाळा कशी असावी याचं वर्णन आहे. एवढं करूनही पारा निर्धोक होतो असं मी म्हणणार नाही, पण गॅसची शेगडी आणि पातेलं त्यात कुठेच बसत नाही. रसेंद्रचिंतामणी या जुन्या रसग्रंथाचा कर्ता तर सांगतो की जे स्वतःच्या हाताने करून पाहिलं तेवढंच लिहितो. संदेश लिहिणाऱ्याने काय करून पाहिलं?

आता चिन्हं. पाऱ्याचं चिन्ह 'एचजी' (Hg) म्हणजे हर-गौरी, सोडिअमचं 'एनए' (Na) म्हणजे नागार्जुन म्हणे! ही अक्षरांची पद्धत स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ बर्झेलिअस याची, १८१३-१४ मधली. लॅटिन नावाचं पहिलं अक्षर घ्यायचं, दोन नावांची टक्कर झाली तर जोडीला आणखी एक. हायड्रार्जिरमचं एचजी, नॅट्रिअमचं एनए. किमयागार त्याआधी ग्रहांच्या खुणा वापरत: सोन्याला सूर्य, तांब्याला शुक्र, लोखंडाला मंगळ. इंग्रज शास्त्रज्ञ डाल्टनने १८०८ मध्ये चिन्हं म्हणून वर्तुळं काढली. लिहायला सोपी आणि छापील पान न बिघडवणारी म्हणून बर्झेलिअसने अक्षरं निवडली. आपल्या रसग्रंथांत अशी अक्षरचिन्हं नाहीत, तिथे श्लोक आहेत.

किमयागार भोंदू? काही होतेही. पण हँबुर्गच्या हेनिग ब्रँडला १६६९ मध्ये सोनं शोधतानाच मूत्रातून फॉस्फरस मिळाला.

पाऱ्याचं सोनं होतं, हे अर्धसत्य मान्य करते. १९४१ मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी पाऱ्यावर न्यूट्रॉनचा मारा करून सोनं मिळवलं. ते किरणोत्सारी होतं आणि बहुतेक काही दिवसांत परत पारा होणारं. एका धातूचा दुसरा करायचा तर अणूचं केंद्रक बदलावं लागतं, आणि लिंबाने ते हलत नाही.

राग याचा येतो की अभिमान वाटावा असं खरंखुरं काही आहे, आणि ते कुणी पाठवत नाही. जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणून साध्या भट्टीत ते वाफ होऊन निसटतं. राजस्थानात जावरच्या कारागिरांनी मातीच्या बंद मुशी उलट्या लावून ती वाफ खाली उतरवली आणि थंड करून धातू पकडला, तोही ब्रिस्टलच्या चँपिअनने १७३८ मध्ये पेटंट घेण्याच्या कितीतरी आधी. बंगालचे रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ मध्ये हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड काढला. स्वतः पाऱ्यावर संशोधन केलेला माणूस. मूळ पोथ्या वाचून त्याने हा वारसा जगापुढे मांडला. ही विद्या का खुंटली, याचंही उत्तर त्यांनी दिलं आहे: हाताचं काम खालच्या मानलेल्या जातींवर ढकललं गेलं आणि शिकलेले लोक भट्टीपासून दूर झाले. चोरी झाल्याचं ते कुठे म्हणत नाहीत.

हे पुढे पाठवा. ती कृती पुसून टाका, आणि ज्यांना पाठवली असेल त्यांना आजच फोन करा.