बॉस्टनचा चहा महागला नव्हता

जुलै उजाडला की अमेरिकेच्या जन्मकथेचा एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. त्याचा सारांश असा: इंग्रजांनी चहावरचा कर भरमसाट वाढवला, संतापलेल्या बॉस्टनकरांनी भारतातून आलेला चहा समुद्रात फेकला, आणि 4 जुलै 1776 रोजी 56 नेत्यांनी जाहीरनाम्यावर सह्या करताच अमेरिका स्वतंत्र झाली. त्यातली नावे आणि सनावळी बहुतेक खऱ्या आहेत, घोटाळा आहे तो कार्यकारणभावात.

करवाढीचा मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीची गफलत तिथूनच सुरू होते. 1773 साली चहावरचा कर वाढला नव्हता. रतलामागे (सुमारे अर्ध्या किलोमागे) 3 पेन्सची जकात 1767 पासूनच होती. 1770 मध्ये काच, कागद, शिसे आणि रंग यांवरच्या जकाती उठवल्या गेल्या, चहाची मात्र जाणूनबुजून ठेवली गेली. 1773 च्या चहा कायद्याने जे केले ते नेमके उलट्या दिशेचे होते. अमेरिकेला जाणाऱ्या चहावर ब्रिटनमध्ये भरलेली जकात ईस्ट इंडिया कंपनीला पूर्ण परत मिळू लागली, आणि लंडनचा लिलाव व तिथले दलाल टाळून थेट स्वतःच्या अडत्यांमार्फत माल विकण्याची मुभाही तिला मिळाली. त्यामुळे कायदेशीर चहा इतका स्वस्त पडणार होता, की डच चहाची तस्करी करणाऱ्यांचे धाबे दणाणले.

मग स्वस्त चहाला विरोध का झाला? तस्करांचा आणि अडत्यांच्या यादीतून वगळलेल्या व्यापाऱ्यांचा स्वार्थ त्यात होताच, तो नाकारण्याचे कारण नाही. बॉस्टनमधल्या अडत्यांत तर गव्हर्नर थॉमस हचिन्सन यांचे दोन मुलगे होते! पण खरी कळ त्या 3 पेन्समध्ये दडलेली होती. मॅसॅच्युसेट्सच्या, म्हणजे बॉस्टन ज्या वसाहतीत होते तिच्या, गव्हर्नरांचा पगार पूर्वी तिथली विधानसभा मंजूर करत असे, आणि गव्हर्नरांवर वचक ठेवण्याचे तेच तिचे मुख्य साधन होते. 1772 पर्यंत हा पगार राजसत्तेकडून, चहाच्याच जकातीतून दिला जाऊ लागला. स्वस्त चहा मुकाट्याने विकत घेणे म्हणजे, ज्या संसदेत आपला एकही प्रतिनिधी नाही तिचा कर लावण्याचा अधिकार मान्य करणे आणि आपल्याच गव्हर्नरला आपल्या हातातून सोडणे, हे वसाहतींतल्या जाणत्यांनी ओळखले होते. ही जकात काढून टाकण्याचा सल्ला लंडनच्या संसदेतही पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांना दिला गेला होता, पण त्यांनी तो मानला नाही. वाद रकमेचा असता तर त्या वर्षी तो मिटायला हवा होता.

16 डिसेंबर 1773 च्या रात्री जे घडले तेही केवळ संतापाचा उद्रेक नव्हते. जहाज बंदरात आल्यापासून 20 दिवसांत जकात भरली नाही, तर माल जप्त करण्याचा अधिकार जकात अधिकाऱ्यांना होता. ‘डार्टमथ’ जहाजाची ती मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती, आणि चहा न उतरवता जहाज परत नेण्याचा परवाना द्यायला हचिन्सन तयार नव्हते. तेव्हा तीन जहाजांवरच्या 342 पेट्या, म्हणजे सुमारे 92,000 रतल चहा, बंदराच्या पाण्यात गेला. फिलाडेल्फिया आणि न्यू यॉर्कहून जहाजे चहासकट परत फिरली, पण त्यांची गोष्ट कोणी पुढे पाठवत नाही.

भारतातून आलेला चहा म्हणावे, तर तो सगळा चीनमधला होता आणि कँटन बंदरातून लंडनमार्गे आला होता. कंपनी आपल्याकडची, म्हणून चहाही आपलाच, असा तर्क यामागे असावा. आसामच्या चहाचा लंडनमधला पहिला लिलाव 1839 सालचा आहे. भारताशी संबंध होता, पण तो वेगळा आणि अधिक कटू होता. 1769-70 च्या बंगालच्या दुष्काळानंतर, लष्करी खर्चाच्या ओझ्याखाली आणि 1772 च्या आर्थिक संकटात कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली, लंडनच्या वखारींत न विकलेला चहा साचला, आणि सरकारने तिला 14 लाख पौंडांचे कर्ज दिले. बंगालच्या कारभारावर सरकारी लगाम घालणारा रेग्युलेटिंग ॲक्ट आणि हा चहा कायदा एकाच वर्षीचे, एकाच कंपनीला सावरण्यासाठी केलेले आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकांत पहिला असतो आणि अमेरिकेच्या पुस्तकांत दुसरा, त्यामुळे हे नाते सहसा नजरेतून सुटते.

आता तारखेचा मुद्दा. स्वातंत्र्याचा ठराव काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, 2 जुलै रोजी संमत केला, तेव्हा 12 वसाहती बाजूने होत्या आणि न्यू यॉर्क तटस्थ राहिले. पुढच्या पिढ्या 2 जुलैचाच उत्सव करतील, असे जॉन ॲडम्स यांनी दुसऱ्या दिवशी पत्नीला लिहिले होते. 4 जुलै रोजी जाहीरनाम्याचा मसुदा मंजूर होऊन छपाईला गेला. बहुतेक सह्या 2 ऑगस्टला झाल्या, काही त्यानंतरही. सही करणारे बेंजामिन रश 4 जुलैला सभासदच नव्हते, तर मसुदा समितीतल्या रॉबर्ट लिव्हिंगस्टन यांची सही त्यावर कधीच झाली नाही.

सह्या होताच स्वातंत्र्य मिळाले, हे विधान सर्वांत तकलादू आहे. जाहीरनाम्याआधी वर्षभर, एप्रिल 1775 पासून, युद्ध चालू होते आणि त्यानंतरही ते वर्षानुवर्षे चालले. ऑक्टोबर 1781 मध्ये यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिस यांच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली, तीही फ्रेंच आरमाराने समुद्राची वाट अडवल्यामुळे. ब्रिटनने स्वातंत्र्य मान्य केले ते 3 सप्टेंबर 1783 च्या पॅरिस तहाने, आणि न्यू यॉर्कमधून इंग्रज फौज निघाली ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात.

हेच कॉर्नवॉलिस 1786 मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला आले, आणि 1792 साली श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात हरिपंत फडक्यांची मराठी फौज त्यांच्या बाजूने उभी होती. अमेरिकन क्रांतीचे आपल्याशी नाते शोधणाऱ्यांना ते चहाच्या पेटीपेक्षा इथे अधिक सापडेल.